झांकलेलें दुखणें : स्त्रियांच्या कर्करोगाची कथा

अहिल्यानगर शहरांतून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें, म्हणजे सावेडी लागतें. एके काळीं हें शहराबाहेरचें निराळें गांव होतें. आज तें शहरांतच मिसळून गेलें असून वसाहती, शाळा, बँका आणि दवाखाने यांनीं गजबजलेलें आहे. दवाखान्यांच्या पाट्या येथें पावलोपावलीं दिसतात, आणि त्या वाचतां येणार नाहींत अशीं माणसेंहि आतां थोडींच. तरीसुद्धां अशा सुशिक्षित वस्तींत एक दुखणें अजून त्या पाटीपर्यंत वेळेवर पोंचत नाहीं. मधुमेहाची आणि रक्तदाबाची चर्चा घरांत जेवतां-जेवतां होते; परंतु पाळी बंद होऊन आठ-दहा वर्षें झालेल्या सासूबाईंना पुन्हां अंगावर जाऊं लागलें, तर ती गोष्ट सुनेच्या कानीं जाण्यास कित्येक आठवडे लागतात, मुलाच्या कानीं जाण्यास आणखी कांहीं, आणि डॉक्टरांच्या कानीं ती जाते तेव्हां अनेकदां दुखणें पुष्कळ पुढें गेलेलें असतें. "उष्णता झाली असेल", "वयोमानानें व्हायचेंच", "एवढ्यासाठीं कशाला डॉक्टर?" अशीं उत्तरें तयारच असतात, आणि तीं देणारी बहुधा ती स्त्री स्वतःच असते.

स्त्रियांच्या जननेंद्रियांना होणाऱ्या कर्करोगाचा इतिहास सामान्यतः शस्त्राचा आणि किरणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाहीं. परंतु महाराष्ट्रापुरता विचार केल्यास असें दिसून येतें कीं, शस्त्र आणि किरण हातीं आल्यावरहि पुष्कळ काळ स्त्रिया मरतच राहिल्या. कारण शस्त्रापाशीं येण्यापूर्वींचें पहिलें पाऊल, म्हणजे दुखणें बोलून दाखविण्याचें पाऊल, पडतच नव्हतें. तें कसें पडूं लागलें, ही ह्या इतिहासाची तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची बाजू होय.

प्रथम रोगाचें स्वरूप पाहिलें पाहिजे. 'कर्क' म्हणजे खेंकडा. प्राचीन ग्रीक वैद्यांनीं ह्या व्याधीला खेंकड्याचें नांव दिलें, आणि तेंच आपल्या भाषेंतहि रूढ झालें. मात्र स्त्रियांच्या बाबतींत ह्या एका नांवाखालीं निदान चार-पांच निरनिराळे रोग येतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा एक, गर्भाशयाच्या आंतील अस्तराचा दुसरा, बीजकोशांचा तिसरा, आणि योनीचा व बाह्य जननेंद्रियाचा हे क्वचित् आढळणारे. त्यांचीं कारणें निराळीं, लक्षणें निराळीं आणि उपचारहि निराळे. भारतांत ह्यांपैकीं गर्भाशयमुखाच्या कर्करोगानेंच सर्वांत अधिक बळी घेतले आहेत. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार त्या एका वर्षांत आपल्या देशांत ह्या रोगाच्या सुमारें सव्वा लाख नव्या रुग्ण झाल्या आणि सुमारें ऐंशी हजार स्त्रिया दगावल्या.

ह्या रोगाच्या कारणाचा पहिला धागा फार पूर्वीं, एका विलक्षण ठिकाणीं सांपडला. इटलींतील व्हेरोना शहरीं रिगोनी-स्टर्न नांवाच्या वैद्यानें १७६० ते १८३९ ह्या काळांतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या आणि आपला निष्कर्ष १८४२ सालीं प्रसिद्ध केला. गर्भाशयाच्या कर्करोगानें मृत्यु पावणाऱ्यांत संसारी स्त्रियांचें प्रमाण मोठें होतें, तर मठांत राहणाऱ्या जोगिणींचें फारच थोडें. ह्याचा उलगडा होण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनीं १९८३ सालीं ह्या रोगाच्या ऊतकांत ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार असल्याचें दाखवून दिलें, आणि त्याबद्दल २००८ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. हा विषाणु शरीरसंबंधांतून पसरतो, परंतु तो इतका सर्वसाधारण आहे कीं, बहुतेक विवाहित स्त्रीपुरुषांना आयुष्यांत केव्हां ना केव्हां त्याचा संसर्ग होऊन जातो आणि बहुतेकांच्या शरीरांतून तो आपोआप नाहींसाहि होतो. थोड्याच स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, आणि तेथून कर्करोग होण्यास सामान्यतः दहा-पंधरा वर्षें किंवा त्याहून अधिक काळ जातो. सबब ह्या रोगाचा कोणाच्या शीलाशीं संबंध जोडणें हें अज्ञान तर आहेच. शिवाय तें घातकहि आहे, कारण त्याच कलंकाच्या भीतीनें स्त्री गप्प बसते. दुसरी गोष्ट अशी कीं, दहा-पंधरा वर्षांची ही मुदत म्हणजे निसर्गानें दिलेली सवलत होय. एवढा अवधि देणारे कर्करोग थोडेच.

उपचारांचा इतिहास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वेग घेतो. १८९८ सालीं व्हिएन्ना येथें एर्न्स्ट वेर्टहाइम यांनीं पोट उघडून गर्भाशय व त्याच्या भोंवतालचें ऊतक मुळापासून काढण्याची मोठी शस्त्रक्रिया सुरू केली. आरंभीं त्यांच्या रुग्णांपैकीं पुष्कळ जणी शस्त्रक्रियेनेंच दगावल्या. तरी पुढील काळांत ती सुधारत गेली, आणि तिचेंच परिष्कृत रूप आजहि प्रचारांत आहे. योगायोग असा कीं, त्याच १८९८ सालीं पॅरिस येथें मारी व पिएर क्युरी यांनीं रेडियमचा शोध लावला. गर्भाशयाचें मुख शरीराच्या आंत असलें, तरी हातानें व उपकरणानें पोंचतां येण्याजोगें आहे. त्यामुळें रेडियमची नळी थेट रोगापाशीं नेऊन ठेवण्याची कल्पना लवकरच पुढें आली. स्टॉकहोम, पॅरिस आणि मँचेस्टर येथील रुग्णालयांनीं तिच्या पद्धति बसविल्या. कोणाची पद्धति सरस हें ठरविण्यासाठीं रोग किती पसरला आहे हें सर्वांनीं एकाच मापानें मोजणें अवश्य झालें, आणि म्हणून राष्ट्रसंघाच्या आरोग्य विभागानें १९२९ सालीं ह्या कर्करोगाच्या चार पायऱ्या ठरवून दिल्या. आज डॉक्टर "पहिली स्टेज", "तिसरी स्टेज" असें जें बोलतात, त्याचें मूळ येथें आहे. त्या पायऱ्यांनीं एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली : उपचार कोणताहि असो, पहिल्या पायरीवर आलेली स्त्री बहुधा वांचते आणि चौथ्या पायरीवर आलेली क्वचितच.

मुंबईंत हें ज्ञान संस्थारूपानें आलें तें १९४१ सालीं. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या, आणि पुढच्याच वर्षीं दोराबजीहि गेले. त्यांच्या नांवाच्या विश्वस्त निधींतून परळ येथें टाटा मेमोरियल रुग्णालय उभें राहिलें व २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं तें खुलें झालें. तेथील विकृतिशास्त्र विभाग डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होता. खानोलकर हे केवळ सूक्ष्मदर्शकांत पाहून निदान सांगणारे नव्हते. कोणत्या समाजांत कोणता कर्करोग अधिक, आणि त्याचा तेथील चालीरीतींशीं काय संबंध, हा प्रश्न त्यांनीं ह्या देशांत प्रथम शास्त्रीय रीतीनें विचारला. पुढें १९५१ सालीं डॉ. जस्सावाला व नवल टाटा यांच्या पुढाकारानें इंडियन कॅन्सर सोसायटी निघाली, आणि तिच्याच विद्यमानें १९६३ सालीं मुंबईंत कर्करोगाच्या रुग्णांची लोकसंख्येवर आधारलेली देशांतील पहिली नोंदवही सुरू झाली.

ह्याच सुमारास पाश्चात्त्य देशांत आणखी एक मोठी गोष्ट घडली होती. न्यूयॉर्क येथील डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ यांनीं गर्भाशयमुखावरील पेशी पुसून घेऊन त्या कांचेवर तपासण्याची रीत शोधली. १९२८ सालीं त्यांनीं ती प्रथम मांडली तेव्हां कोणी फारसें लक्ष दिलें नाहीं. परंतु १९४१ सालच्या, डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह लिहिलेल्या निबंधानंतर तिला मान्यता मिळाली. 'पॅप' चाचणी ती हीच. रोग होण्यापूर्वींचीच अवस्था हिच्यायोगें ओळखतां येऊं लागली, आणि जेथें ती नियमानें झाली तेथें मृत्यूंचें प्रमाण झपाट्यानें उतरलें. मात्र तिला प्रयोगशाळा हवी, पेशी ओळखणारे तज्ज्ञ हवेत, आणि स्त्रीनें ठराविक वर्षांनीं पुनःपुन्हां यावयास हवें. हें सर्व मुंबई-पुण्याच्या सुखवस्तु घरांपुरतें कसेंबसें जमलें. खेड्यांत जमणें शक्यच नव्हतें. तेथें तर स्त्री पहिल्यांदांच डॉक्टरांपाशीं येई ती दुर्गंधि व वेदना असह्य झाल्यावर.

ही कोंडी फोडण्याचें काम ज्या मुलखांत झालें, तो नगर जिल्ह्याला लागूनच आहे. सावेडीहून आग्नेयेस गेलें म्हणजे जिल्ह्याच्या टोंकाला जामखेड लागतें. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गांवांतीलच, फारसें न शिकलेल्या स्त्रियांना शिकवून त्यांच्याकडे गांवच्या आरोग्याचें काम सोंपविलें, तर डॉक्टरांपुढें न उघडणारें तोंड त्यांच्यापुढें उघडतें, हा धडा त्या प्रकल्पानें घालून दिला. १९७९ सालीं आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. जामखेडच्या पलीकडे त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आतांच्या धाराशिव, जिल्ह्यांतील भूम व परांडा हे तालुके, आणि त्यांच्याहि पलीकडे सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी. स्त्रियांच्या कर्करोगाच्या इतिहासांत ह्या बार्शीचें नांव आज जगभर घेतलें जातें.

बार्शी येथें डॉ. भगवान नेने यांच्या नेतृत्वाखालीं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाचें काम चालत असे. १९८७ सालीं टाटा मेमोरियलच्या साह्यानें तेथें बार्शी, परांडा व भूम ह्या तीन तालुक्यांतील ३४६ गांवांसाठीं कर्करोगाची नोंदवही सुरू झाली. ग्रामीण भागासाठीं अशी नोंदवही देशांत ही पहिलीच. शहरांत अशी नोंद ठेवणें त्यामानानें सोपें. रुग्णालयांचे कागद पाहिले कीं झालें. खेड्यांत मात्र कागदच नव्हते, कारण रुग्ण रुग्णालयांत जातच नव्हत्या. म्हणून नोंदवहीचे कार्यकर्ते स्वतः गांवोगांव फिरूं लागले. गांवच्या प्रमुखांना, शिक्षकांना व वडीलधाऱ्या स्त्रियांना भेटून ते कर्करोगाचीं लक्षणें समजावून सांगत, अशीं लक्षणें असलेलें कोणी गांवांत आहे काय हें विचारीत, आणि असल्यास त्या माणसास बार्शीस तपासणीसाठीं येण्यास प्रवृत्त करीत. हेतु मोजणी करण्याचा होता. परंतु मोजणी करतां करतां शिकवण झाली. थोड्याच वर्षांत असें दिसून आलें कीं, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या ज्या रुग्ण येत होत्या, त्यांपैकीं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर येणाऱ्यांचें प्रमाण वाढलें आहे. ह्या अवधींत नवें औषध निघालें नव्हतें, नवें यंत्र गांवांत आलें नव्हतें. फक्त लक्षणें लोकांना कळलीं होतीं. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. नेने व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९५ सालीं हा निष्कर्ष शास्त्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

ह्या पायावर पुढची मोठी चाचणी उभी राहिली. १९९९ सालापासून उस्मानाबाद जिल्ह्यांतील ३० ते ५९ वर्षें वयाच्या सुमारें १,३१,००० निरोगी स्त्रियांचे, गांवांच्या समूहांवरून चार गट पाडण्यांत आले. एका गटाची विषाणूची चाचणी झाली; दुसऱ्याची पॅप चाचणी; तिसऱ्या गटांत गर्भाशयमुखास पातळ ॲसेटिक आम्ल, म्हणजे साध्या शिरक्यांतील आम्ल, लावून पांढरा डाग उमटतो कीं काय हें नुसत्या डोळ्यांनीं पाहिलें गेलें; आणि चौथा गट तुलनेसाठीं प्रचलित व्यवस्थेवरच सोडला गेला. फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. शंकरनारायणन्, बार्शीचे डॉ. नेने आणि टाटा मेमोरियलचे डॉ. सुरेंद्र शास्त्री हे ह्या कार्याचे प्रमुख होते. आठ वर्षांच्या पाठपुराव्याचें फल २००९ सालीं प्रसिद्ध झालें.

त्यांतील आंकडे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. विषाणूची चाचणी झालेल्या गटांत १२७ स्त्रियांना कर्करोग असल्याचें आढळलें; चौथ्या गटांत ११८ जणींना. म्हणजे रोग होण्याचें प्रमाण दोहोंकडे फारसें निराळें नव्हतें. परंतु दुसऱ्या किंवा त्यापुढच्या पायरीवर रोग गेलेल्या स्त्रिया पहिल्या ठिकाणीं ३९ आणि दुसऱ्या ठिकाणीं ८२ निघाल्या. आणि मृत्यु अनुक्रमें ३४ व ६४. आयुष्यांत एकदांच केलेल्या चाचणीनें मृत्यु निम्म्यावर आले. रोग तोच, रुग्णालय तेंच, उपचारहि तेच. फरक काय तो वेळेचा.

ह्या यशाला एक बोंचरी बाजूहि आहे. चौथ्या गटांतील एकतीस हजारांहून अधिक स्त्रियांना तपासणीवांचून ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. त्या काळीं ह्या जिल्ह्यांत कोणतीच तपासणी प्रचारांत नव्हती, तेव्हां त्या स्त्रियांचें कांहीं हिरावून घेतलें गेलें नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें. तर पॅप चाचणीचा गुण साऱ्या जगास ठाऊक असतां तुलनेसाठीं स्त्रियांना तिच्यावांचून ठेवणें गैर, असें दुसऱ्या पक्षाचें. मुंबईच्या झोंपडपट्ट्यांत १९९८ सालापासून सुमारें दीड लाख स्त्रियांवर चाललेल्या दुसऱ्या चाचणीबाबतहि हाच वाद झाला. तेथें डॉक्टर नव्हे, तर थोडें शिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनीं ॲसेटिक आम्लाची तपासणी केली, आणि मृत्यूंचें प्रमाण ३१ टक्क्यांनीं घटलें. वादाचा निर्णय कोणताहि लागो, एक ऋण मात्र मान्य केलें पाहिजे. तीस वर्षांवरील स्त्रियांची विषाणु-चाचणी करावी, अशी शिफारस आज जागतिक आरोग्य संघटना सर्व देशांना करते. तिच्या मुळाशीं जे पुरावे आहेत, त्यांत मराठवाड्यांतील ह्या हजारो शेतकरी-शेतमजूर स्त्रियांची आयुष्यें आहेत.

असो. ज्या लक्षणांचा उच्चार बार्शीच्या कार्यकर्त्यांनीं गांवोगांव केला, तीं कोणतीं? गर्भाशयमुखाच्या कर्करोगांत प्रथम दिसतें तें अवेळीं होणारें रक्तस्राव : दोन पाळ्यांच्या मध्यें, शरीरसंबंधानंतर, किंवा पाळी कायमची बंद झाल्यावर. अंगावर पांढरें जाणें, ज्याला धुपणी म्हणतात, तें पुष्कळ स्त्रियांत साध्या कारणांनीं होतें. परंतु त्याला दुर्गंधि असेल, तें पाण्यासारखें किंवा रक्तमिश्रित असेल, तर तें साधें समजूं नये. कंबरेंत व ओटीपोटांत सतत दुखणें, एका पायाला सूज येणें, लघवीला किंवा शौचाला अडथळा होणें, हीं उशिराचीं लक्षणें होत. आरंभीं वेदना मुळींच नसते, हें विशेष ध्यानांत ठेवलें पाहिजे. "दुखत तर कांहींच नाहीं" ह्या एका समाधानानें किती स्त्रियांचा घात केला असेल, त्याची गणती नाहीं.

गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग बहुधा पन्नाशीनंतर होतो. स्थूलता व मधुमेह असलेल्यांत तो अधिक आढळतो, त्यामुळें शहरी सुखवस्तु घरांना त्याची ओळख अधिक हवी. मात्र हा रोग स्वतःहून सूचना देतो : पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर एकदां जरी रक्त दिसलें, तरी ती सूचना समजावी. असें रक्त प्रत्येक वेळीं कर्करोगाचेंच असतें असें नाहीं. बहुतेक वेळां कारण साधेंच निघतें. परंतु तें साधें आहे हें ठरविण्याचा अधिकार तपासणीचा आहे, अंदाजाचा नव्हे.

बीजकोशांचा कर्करोग ह्या सर्वांत कपटी. त्यांत रक्तस्राव बहुधा होत नाहीं. पोट फुगल्यासारखें वाटणें, थोडें खाल्लें तरी पोट भरणें, ओटीपोटांत दुखणें, वारंवार लघवीला लागणें, एवढीच त्याची भाषा. आणि ती अपचनाच्या भाषेसारखीच असल्यामुळें कित्येक महिने चूर्णें व आम्लपित्ताच्या गोळ्या यांतच जातात. अशी तक्रार नव्यानें सुरू झाली असेल आणि दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज होत असेल, तर पोटाची सोनोग्राफी व स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी करावी. आई, बहीण, मावशी यांना बीजकोशांचा किंवा स्तनांचा कर्करोग झालेला असल्यास तें डॉक्टरांना आवर्जून सांगावें. कारण अशा घराण्यांत आनुवंशिक दोष असूं शकतो. बाह्य जननेंद्रियाच्या कर्करोगांत दीर्घकाळ टिकणारी खाज, गांठ किंवा न भरणारा व्रण दिसतो. शेवटीं द्राक्षगर्भाची गोष्ट. असा गर्भ पडून गेल्यावर क्वचित् त्याच्या अवशेषांतून कर्करोग उद्भवतो. म्हणून त्यानंतर रक्ताच्या तपासण्या नेमानें कराव्या लागतात. अमेरिकेंत १९५६ सालीं डॉ. ली व डॉ. हर्ट्झ यांनीं मेथोट्रेक्सेट ह्या एका औषधानें पसरलेला असा कर्करोग बरा करून दाखविला. घट्ट गांठीचा कर्करोग केवळ औषधानें बरा झाल्याचें तें पहिलें उदाहरण होय.

उपचारांच्या बाबतींत घरांतील माणसांनीं आधीं एक नियम पाळावा : तुकडा काढून तपासल्यावांचून, आणि रोग कोणत्या पायरीवर आहे हें ठरल्यावांचून, मोठा उपचार सुरू करूं नये. गर्भाशयमुखावर कर्करोगापूर्वींची अवस्था आढळली, तर उष्णतेनें किंवा अतिशीत वायूनें ती जागा जाळणें, अथवा विजेच्या तारेनें तेवढा भाग कापून काढणें पुरतें. गर्भाशय जात नाहीं, आणि स्त्री बहुधा त्याच दिवशीं घरीं जाते. कर्करोग लहान व पहिल्या पायरीवर असेल, तर वेर्टहाइम यांच्या परंपरेंतील शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, दोन्ही मार्ग सारखेच गुणकारी आहेत. निवड वयावर व प्रकृतीवर ठरते. अपत्याची इच्छा असणाऱ्या तरुण स्त्रीच्या बाबतींत रोग फारच लहान असल्यास गर्भाशय राखून शस्त्रक्रिया करतां येते. तिनें हा प्रश्न आरंभींच विचारावा.

रोग त्यापुढें गेला असेल, तर शस्त्रक्रियेपेक्षां किरणांचा मार्ग श्रेष्ठ. लोक ज्याला "शेक देणें" म्हणतात, तो हा उपचार. सुमारें पांच आठवडे बाहेरून किरण, त्याबरोबर आठवड्यांतून एकदां सिस्प्लॅटिन हें औषध, आणि अखेरीस किरणोत्सर्गी द्रव्य कांहीं काळ थेट रोगाच्या जागीं ठेवणें, असा त्याचा क्रम असतो. हा शेवटचा भाग म्हणजे जुन्या रेडियमच्या नळीचाच वंशज. बाहेरचे किरण संपले कीं उपचार संपला असें समजून कित्येक रुग्ण तो न घेतांच घरीं परततात, आणि तेथेंच हानि होते. ह्याहि विषयांत टाटा मेमोरियलनें जगाला पुरावा दिला आहे. तिसऱ्या पायरीच्या ८५० रुग्णांवर तेथें झालेल्या, २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत नुसते किरण घेतलेल्यांपैकीं ४६ टक्के, तर किरणांबरोबर सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकीं ५४ टक्के स्त्रिया पांच वर्षांनंतर हयात होत्या. तिसऱ्या पायरीवरहि अर्ध्याहून अधिक स्त्रिया वांचतात, "आतां उशीर झाला, कशाला त्रास द्यायचा?" असें म्हणणाऱ्या घरांनीं हा आंकडा लक्षांत ठेवावा.

अस्तराच्या कर्करोगांत गर्भाशय व बीजकोश काढणें हा मुख्य उपचार असून रोग लवकर सांपडल्यास तो पुष्कळदां तेवढ्यानेंच बरा होतो. बीजकोशांच्या कर्करोगांत दिसेल तेवढा सर्व रोग काढणारी मोठी शस्त्रक्रिया आणि कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ह्या औषधांची केमोथेरपी यांची जोड लागते. ती शक्यतों ह्याच कामांत मुरलेल्या शल्यतज्ज्ञांकडून व्हावी. रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला असला, तरी वेदना, रक्तस्राव व दुर्गंधि यांवर उपाय आहेत. अशा स्त्रीला वेदनेंत ठेवणें हें नशीब नव्हे, हयगय होय. राज्याच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगावरील अनेक उपचारांचा समावेश आहे, ही गोष्ट खर्चाच्या धास्तीनें थांबणाऱ्यांस सांगितली पाहिजे.

अज्ञानाचे बळी दोन प्रकारचे असतात. एक बोलत नाहीं म्हणून मरते. दुसरी भितीपोटीं नको तें करून घेते. नगरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यांतील ऊंसतोडणी कामगार स्त्रियांची २०१९ सालीं राज्य शासनानें पाहणी करविली. सुमारें ८२,००० स्त्रियांपैकीं १३,००० हून अधिक जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. त्यांच्यांतील कित्येकींना साध्या धुपणीच्या किंवा पोटदुखीच्या तक्रारीवर कर्करोगाची भीति घालण्यांत आली होती. म्हणून लक्षणांचें ज्ञान हें घाबरण्यासाठीं नव्हे, नीट प्रश्न विचारण्यासाठीं आहे : तुकडा तपासला काय? अहवाल काय सांगतो? दुसऱ्या डॉक्टरांचें मत घ्यावें काय? ज्या घरांत हे तीन प्रश्न विचारले जातात, तेथें रोगाचाहि जोर चालत नाहीं आणि भीतीचाहि चालत नाहीं.

आतां ह्या इतिहासाचें पुढचें पान उलटत आहे. विषाणूवरील लस २००६ सालीं जगांत आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेली भारतीय लस जानेवारी २०२३ मध्यें बाजारांत आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना ती दिल्यास सर्वाधिक उपयोग होतो. परंतु लस नातीचें रक्षण करील. आजीचें व आईचें करणार नाहीं. तीस वर्षांवरील स्त्रीनें तपासणी करून घेणें आणि कोणत्याहि वयाच्या स्त्रीनें लक्षण दिसतांच बोलणें, ह्यांस पर्याय नाहीं. बार्शीच्या खेड्यांतील स्त्रिया, ज्यांना पाटी वाचतां येत नव्हती, त्यांनीं कोणी विचारतांच तोंड उघडलें, आणि त्यांच्यांतील कित्येकी वांचल्या. सावेडीच्या सुशिक्षित घरांत विचारणारें माणूस बाहेरून यावयास नको. तें घरांतच आहे. सुनेनें सासूला, मुलीनें आईला महिन्या-दोन महिन्यांनीं एवढेंच विचारावें कीं, "आई, अंगावर कांहीं जात नाहीं ना?" आणि उत्तर "थोडेंसें जातें, पण काळजी नको" असें आलें, तर त्याच आठवड्यांत दोघींनीं मिळून दवाखाना गांठावा.